एमएस असलेल्यांना हृदयविकाराचा धोका जास्त असतो का? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या रुग्णांनी काय लक्षात ठेवावं?

समजा, बदलापूरला राहणाऱ्या पंचेचाळिशीतल्या एका बाईंना दहा वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस आहे. रात्री अकरा वाजता त्यांना छातीभोवती पट्टा करकचून बांधल्यासारखं वाटायला लागतं. डाव्या हाताला मुंग्या येतात, खूप थकवा वाटतो. घरचे म्हणतात, "तुझं नेहमीचंच असेल, झोप थोडं."

यात घरच्यांचीही चूक नाही. छातीभोवती आवळल्यासारखं वाटणं, मुंग्या येणं आणि थकवा ही तिन्ही एमएसची ओळखीची लक्षणं आहेत. अडचण एवढीच की हीच तिन्ही लक्षणं हार्ट अटॅकचीही असू शकतात.

एमएस म्हटलं की आपल्या डोक्यात मेंदू, मणका, चालणं, डोळे येतात. हृदय येत नाही. पण गेल्या काही वर्षांत परदेशात झालेल्या मोठ्या अभ्यासांमधून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली आहे. एमएस असलेल्या लोकांना हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. हा धोका नेमका किती आहे, तो का वाढतो आणि कल्याणच्या पुढे राहणाऱ्या रुग्णाने काय करायला हवं, ते समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचं

- एमएस असेल तर हृदयविकार होणारच असं नाही, पण धोका वाढतो.
- बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू या गोष्टी आटोक्यात ठेवता येतात. त्या आटोक्यात असतील तर एमएसमुळे येणारं अपंगत्वही लांबू शकतं.
- एमएसच्या काही औषधांचा हृदयावर परिणाम होतो. म्हणून औषध सुरू होण्याआधीच हृदयाचा जुना त्रास डॉक्टरांना सांगायला हवा.
- छातीत पहिल्यांदाच आवळलं किंवा दुखलं, तर "एमएसचंच असेल" असं घरच्या घरी ठरवू नका.

एमएस म्हणजे नेमकं काय?

आपल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचं एक आवरण असतं. विजेच्या वायरवर प्लास्टिकचं वेष्टन असतं, तसंच. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू, मणक्यातला मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा इथल्या या आवरणावर हल्ला करते. वेष्टन खराब झालं की निरोप नीट पोहोचत नाहीत. मग कुणाला धूसर दिसतं, कुणाचा पाय जड होतो, कुणाचा तोल जातो, तर कुणाचा लघवीवरचा ताबा कमी होतो.

हा आजार बहुतेकदा 20 ते 40 या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दुपटीहून अधिक आढळतो. मल्टिपल स्क्लेरोसिस इंटरनॅशनल फेडरेशनच्या 2023 च्या अंदाजानुसार जगभरात सुमारे 29 लाख लोक एमएससह जगत आहेत.

हा थंड देशांतला, गोऱ्या लोकांचा आजार आहे, असा समज आपल्याकडे बरीच वर्षं होता. मुंबईतले ज्येष्ठ न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशिर वाडिया यांनी पारशी समाजात या आजाराचा अभ्यास केला. पारशांमध्ये एमएस बऱ्यापैकी आढळतो, हे त्यांनी 1990 मध्ये दाखवून दिलं. पुढे एमआरआय सहज उपलब्ध झाला, तसं इतर समाजांतल्या रुग्णांचंही निदान होऊ लागलं. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था 1985 पासून रुग्णांसाठी काम करते आणि मुंबई, पुण्यातही तिच्या शाखा आहेत.

हृदयविकाराबद्दल अभ्यास काय सांगतात?

दोन मोठे अभ्यास महत्त्वाचे आहेत.

पहिला कॅनडातला. ब्रिटिश कोलंबिया आणि मॅनिटोबा या दोन प्रांतांमधल्या सुमारे साडेचौदा हजार एमएस रुग्णांची तुलना त्याच वयाच्या, एमएस नसलेल्या सुमारे 73 हजार लोकांशी करण्यात आली. डॉ. रुथ अ‍ॅन मॅरी आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. एमएस रुग्णांमध्ये हार्ट अटॅकचा धोका सुमारे 60 टक्क्यांनी जास्त आढळला. बीपी, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांचा वाटा हिशेबातून बाजूला काढल्यावरही हा फरक उरला होता, हे विशेष.

दुसरा इंग्लंडमधला. तिथल्या फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदींवरून 12,251 एमएस रुग्ण आणि एमएस नसलेले सुमारे साडेबहात्तर हजार लोक यांची तुलना झाली. 2020 मध्ये 'जामा न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात आलेल्या या अभ्यासात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा तीव्र झटका येण्याचा धोका 28 टक्क्यांनी, तर पक्षाघातासारख्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका 59 टक्क्यांनी जास्त होता. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचा धोका साधारण दीडपट होता. बायकांमधला फरक पुरुषांपेक्षा मोठा होता.

बायकांबद्दलचा मुद्दा आपल्याकडे जास्त गंभीर ठरतो. एमएस बायकांमध्ये जास्त, आणि "हार्ट अटॅक म्हणजे पुरुषांचा आजार" हा समजही अजून पक्का. त्यामुळे एमएस असलेल्या बाईच्या छातीतल्या दुखण्याकडे दोनदा दुर्लक्ष होऊ शकतं. एकदा ती बाई आहे म्हणून आणि एकदा तिला एमएस आहे म्हणून.

"30 टक्के जास्त" म्हणजे किती घाबरायचं?

टक्केवारी ऐकून धडकी भरते, म्हणून साधा हिशेब करून पाहू. समजा, एका ठरावीक वयाच्या 1,000 लोकांपैकी दहा वर्षांत 50 जणांना हृदयाचा त्रास होणार आहे. धोका 30 टक्क्यांनी वाढला तर हा आकडा 50 वरून 65 होईल. म्हणजे उरलेल्या 935 जणांना त्या दहा वर्षांत काहीही होणार नाही. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण त्यातून वाढीचं माप लक्षात येतं.

म्हणजे घाबरून जाण्याइतका हा धोका नाही, पण सोडून देण्याइतकाही छोटा नाही. त्यात आपली भारतीयांची सुरुवातच थोडी आधी होते. 52 देशांमध्ये झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक येण्याचं मध्यम वय 53 आढळलं. इतर देशांत ते जवळपास 59 होतं. तिशीत एमएसचं निदान झालेली व्यक्ती विशीतिशीतल्या धावपळीतून बाहेर पडेपर्यंत हृदयविकाराचं वय तिच्या उंबरठ्याशी आलेलं असतं.

धोका वाढतो कशामुळे?

कारण एकच नाही. चार-पाच गोष्टी एकत्र येतात.

*शरीरातला दाह.* रक्तवाहिन्यांमध्ये चरबीचे थर साचतात, तेव्हा त्या प्रक्रियेत दाहाचा मोठा हात असतो. एमएस हा मुळातच रोगप्रतिकारक यंत्रणेच्या दाहाचा आजार आहे. संधिवात आणि सोरायसिस या आजारांमध्येही हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसतो, त्यामागेही हेच कारण धरलं जातं.

*हालचाल कमी होणं.* पाय जड, तोल जाण्याची भीती आणि सततचा थकवा. मग जिने टाळले जातात, बाजार घरपोच येतो, चालणं घरातल्या घरात उरतं. स्नायू कमी होतात, पोट वाढतं, शुगर आणि बीपी वर सरकतात. पाय फारच कमी हलत असतील तर पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही असतो.

*स्वयंचलित मज्जासंस्थेतला बिघाड.* हृदयाचे ठोके आणि बीपी आपल्या नकळत सांभाळणारी एक यंत्रणा मेंदूच्या खालच्या भागात आणि मज्जारज्जूत असते. एमएसचे डाग तिथे असतील तर उभं राहताना बीपी एकदम पडणं, डोळ्यांसमोर अंधारी येणं, ठोके विनाकारण वाढणं असं होऊ शकतं.

*तंबाखू आणि मानसिक ताण.* धूम्रपानाने हृदयविकार वाढतो आणि एमएसही वेगाने बिघडतो. एमएस रुग्णांमध्ये नैराश्याचं प्रमाण जास्त असतं. मन खचलं की व्यायाम, जेवण, औषधं सगळ्याचीच घडी विस्कटते.

*डॉक्टरांमध्ये वाटलं गेलेलं शरीर.* हे कारण कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही. न्यूरॉलॉजिस्ट तीन-सहा महिन्यांनी मुंबईत भेटतात आणि मेंदूचं पाहतात. त्यांना वाटतं, बीपी-शुगर जवळचे फॅमिली डॉक्टर बघत असतील. फॅमिली डॉक्टरांना वाटतं, एवढा मोठा आजार आहे, मोठे डॉक्टर सगळंच बघत असतील. या दोघांच्या मध्ये रुग्णाचं हृदय कुणीच तपासत नाही.

हृदय सांभाळलं तर एमएसमध्ये काही फरक पडतो का?

पडतो, असं दिसतं. अमेरिकेतल्या एमएस रुग्णांच्या 'नारकॉम्स' या नोंदवहीतल्या 8,983 जणांच्या माहितीचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. निदानाच्या वेळी बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉल, हृदयविकार अशांपैकी काहीही नसलेल्या रुग्णांना चालताना आधाराची गरज पडेपर्यंत साधारण 18.8 वर्षं गेली. ज्यांना यांपैकी एखादा तरी त्रास होता, त्यांच्या बाबतीत हाच काळ 12.8 वर्षं होता.

म्हणजे सहा वर्षांचा फरक. बीपीची गोळी घेतली की ही सहा वर्षं नक्की मिळतात, असं हा अभ्यास सिद्ध करत नाही. पण रक्तवाहिन्या खराब असतील तर आधीच जखमी असलेल्या मेंदूला रक्तपुरवठाही कमी पडतो, हे समजायला सोपं आहे. एमएस आपल्या हातात नसतो, पण बीपी बऱ्याच अंशी असतं. म्हणून हा भाग सोडून चालत नाही.

एमएसच्या औषधांनी हृदयाला त्रास होतो का?

बहुतेकांना होत नाही. पण काही औषधांबाबत काळजी घ्यावी लागते.

- फिंगोलिमॉड: पहिल्या गोळीनंतर हृदयाचे ठोके मंदावू शकतात. म्हणून पहिला डोस देण्याआधी ईसीजी काढतात आणि नंतर किमान सहा तास रुग्णाला देखरेखीखाली ठेवतात. गेल्या सहा महिन्यांत हार्ट अटॅक, अनस्टेबल अंजायना किंवा पक्षाघात झाला असेल तर हे औषध देत नाहीत. ठोके मंदावणाऱ्या बीपीच्या गोळ्या सुरू असतील तर तेही आधी सांगावं लागतं. पहिली गोळी घरी आणून परस्पर सुरू करू नये.
- मायटोझँट्रोन: हे जुनं इंजेक्शन आता कमी वापरलं जातं. ते हृदयाचा स्नायू कमकुवत करू शकतं आणि हा परिणाम काही वर्षांनीही दिसू शकतो. पूर्वी हे घेतलं असेल तर जुने कागद जपून ठेवा आणि वर्षातून एकदा टूडी इकोबद्दल डॉक्टरांना विचारा.
- टेरिफ्लुनोमाइड: बीपी वाढू शकतं. अधूनमधून मोजत राहावं.
- स्टिरॉइडचं सलाइन: रिलॅप्स आल्यावर तीन ते पाच दिवस मिथाइलप्रेडनिसोलोन देतात. त्या दिवसांत शुगर आणि बीपी वाढू शकतं. मधुमेह असेल तर रोज शुगर तपासावी लागते.
- रिटक्सिमॅब, ओक्रेलिझुमॅब: सलाइनमधून औषध जात असताना बीपी पडू शकतं. म्हणून त्या सकाळची बीपीची गोळी घ्यायची की नाही, हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावं.
- ग्लॅटिरामर: इंजेक्शननंतर लगेच काही जणांना चेहरा लाल होणं, छातीत आवळणं, धडधड असा त्रास होतो आणि बहुतेकदा काही मिनिटांत जातो. तो थांबला नाही तर हॉस्पिटल गाठायला हवं.

आणखी एक सवय आपल्याकडे दिसते. 60,000 युनिटची व्हिटॅमिन डीची पावडर किंवा कॅप्सूल एकदा लिहून दिली की महिनोन्महिने चालू राहते. डी जीवनसत्त्व गरजेचं आहे, पण फार जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. त्याचा त्रास किडनीला आणि हृदयाच्या ठोक्यांना होतो. ते किती दिवस घ्यायचं, हे रक्त तपासूनच ठरवायला हवं.

हे वाचून एमएसचं औषध मात्र मनाने बंद करू नका. काही औषधं अचानक बंद केली तर आजार जोरात उसळू शकतो.

छातीत आवळलं तर: एमएस की हार्ट अटॅक?

एमएसमध्ये छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, त्याला 'एमएस हग' म्हणतात, म्हणजे एमएसची मिठी. बरगड्यांमधल्या स्नायूंकडे जाणारे निरोप बिघडल्याने किंवा स्नायू आखडल्याने हे होतं. ते काही मिनिटं टिकतं, काही तास टिकतं, कधी काही दिवसही.

हार्ट अटॅकमध्ये छातीत दडपण येतं. ते जबडा, मान, खांदा, हात किंवा पाठीकडे जाऊ शकतं. सोबत घाम, मळमळ, दम लागणं असतं. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत न दुखता नुसता दम लागणं, मळमळ किंवा खूप गळून गेल्यासारखं होणं एवढंच असू शकतं.

यातला फरक घरी बसून नक्की ओळखता येत नाही. म्हणून नियम साधा ठेवा. पुढीलपैकी काहीही असेल तर 108 ला फोन करा किंवा जवळच्या हॉस्पिटलमध्ये जाऊन ईसीजी काढा:

- असं आवळणं आयुष्यात पहिल्यांदाच होत आहे.
- नेहमीच्या 'मिठी'पेक्षा या वेळचं दुखणं वेगळं वाटतं.
- घाम, दम, मळमळ, चक्कर किंवा जबड्यात-हातात दुखणं सोबत आहे.
- चालल्यावर किंवा जिना चढल्यावर वाढतं आणि थांबल्यावर कमी होतं.

ईसीजी नॉर्मल आला आणि ते एमएसचंच निघालं, तर उत्तमच. फार तर एक फेरी वाया जाईल. उलट झालं तर हृदयाचा स्नायू वाया जातो. गाठ विरघळवणारं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी जितकी लवकर, तितकं हृदय जास्त वाचतं. अ‍ॅस्पिरिनची गोळी मात्र डॉक्टरांनी किंवा 108 वरच्या माणसाने सांगितली तरच चावून घ्या.

पक्षाघात की रिलॅप्स?

इथे वेळेवरून बराच अंदाज येतो. एमएसचा रिलॅप्स तासांमध्ये किंवा दिवसांमध्ये वाढत जातो आणि किमान 24 तास टिकतो. पक्षाघात मात्र काही सेकंदांत किंवा मिनिटांत होतो. एका क्षणी ठीक असलेल्या माणसाचं तोंड एकदम वाकडं झालं, एक हात खाली पडला, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात धरूनच धावपळ करायची. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्रास नक्की किती वाजता सुरू झाला, ती वेळ लिहून ठेवा. हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न तोच विचारतात.

उल्हासनगर ते बदलापूर पट्ट्यात काय वेगळं करावं लागतं?

बदलापूर सीएसएमटीपासून 68 किलोमीटरवर आहे, अंबरनाथ 60. लोकलने बदलापूरहून सीएसएमटी गाठायला दीड तासाच्या आसपास लागतो. एमएसच्या ठरलेल्या अपॉइंटमेंटसाठी परळच्या केईएम किंवा भायखळ्याच्या जेजेला जाणं, दिव्यांगांच्या डब्यातून का होईना, जमून जातं. हृदयाच्या आणीबाणीत मात्र तेवढा वेळ नसतो. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. एमएसचे डॉक्टर लांब असले तरी चालतील, हृदयाची सोय जवळच हवी.

तपासण्या जवळ करा. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. उल्हासनगरचं शासकीय मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय किंवा तुमचे फॅमिली डॉक्टर, यांपैकी जे जवळ असेल तिथे सुरुवात करता येते. 30 वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी आणि शुगरची मोफत तपासणी हा सरकारी कार्यक्रमाचाच भाग आहे. अंबरनाथला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झालं आहे. राज्यातल्या ज्या दहा नव्या महाविद्यालयांचं ऑक्टोबर 2024 मध्ये उद्घाटन झालं, त्यांत ते एक होतं.

कॅथ लॅब आधीच शोधून ठेवा. अँजिओप्लास्टी होते अशी घराजवळची दोन हॉस्पिटलं आजच विचारून ठेवा आणि रात्रीही तिथे सोय असते का, तेही विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं कॅशलेस संरक्षण आहे आणि त्यात हृदयाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. ते हॉस्पिटल योजनेत आहे का, याची चौकशी आधीच केलेली बरी.

पावसाळ्याची तयारी करा. जुलै 2019 मध्ये उल्हास नदीला पूर आला, तेव्हा बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. अशा दिवसांत रेल्वे आणि रस्ता दोन्ही बंद पडू शकतात. जून ते सप्टेंबर एमएस, बीपी आणि शुगरच्या गोळ्या दोन आठवडे पुरतील एवढ्या घरात असाव्यात.

उकाड्यात व्यायाम कसा करायचा?

उष्णतेने एमएसची लक्षणं तात्पुरती वाढतात. याला उथॉफचा परिणाम म्हणतात. एप्रिल-मे महिन्यांत बदलापूरचा पारा चाळिशीपार जातो. अशा वेळी चालायला गेलं की डोळ्यांसमोर धूसर होतं, पाय लटपटतात आणि माणूस व्यायामच सोडतो. खरं तर शरीर थंड झालं की ही लक्षणं कमी होतात. व्यायामाने एमएस वाढत नाही.

म्हणून वेळ आणि पद्धत बदला. उजाडताच चाला. घरात पंख्यासमोर, मानेवर ओला टॉवेल ठेवून, थंड पाणी जवळ घेऊन व्यायाम करा. उभं राहणं जमत नसेल तर खुर्चीत बसून हात वर करणं, पाय सरळ करणं, रबरी पट्टा ताणणं हेही चालतं. जागतिक आरोग्य संघटना अपंगत्व असलेल्यांनाही आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते, पण जमेल तेवढा केला तरी फायदा होतो, हेही सांगते. रोज दहा मिनिटांपासून सुरुवात करा. फिजिओथेरपिस्टकडून एकदा तरी नीट शिकून घेतलेलं चांगलं.

खाण्यापिण्याचं काय?

एमएस बरा करणारा आहार अजून सिद्ध झालेला नाही. त्यामुळे त्या नावाने विकल्या जाणाऱ्या महाग पावडरींवर पैसे घालवू नका. जे हृदयाला चांगलं, तेच इथेही चांगलं. डाळी, उसळी, भाज्या, फळं, ज्वारी-नाचणीची भाकरी, मूठभर शेंगदाणे, मासे खात असाल तर मासे.

उल्हासनगरचं दाल-पकवान किंवा स्टेशनबाहेरचा वडापाव कधीतरी खायला हरकत नाही. रोजचा नाश्ता तोच असेल तर मात्र विचार करायला हवा. मीठ दिवसाला 5 ग्रॅम म्हणजे सपाट एक चमचा, आणि यात पापड, लोणचं, फरसाण यांतलं मीठही धरायचं. उभं राहताना बीपी पडत असेल तर मीठ कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

तंबाखू, गुटखा, बिडी, सिगारेट सगळंच बंद. आपल्याकडे बायका दात घासायला मिश्री लावतात आणि तिला व्यसन म्हणत नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे. डॉक्टरांनी "तंबाखू खाता का?" विचारलं तर मिश्रीचंही सांगा.

कोलेस्टेरॉलची गोळी एमएसवर चालते का?

इंग्लंडमधल्या त्याच अभ्यासात कोलेस्टेरॉलची औषधं, प्रामुख्याने स्टॅटिन, घेणाऱ्या एमएस रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं होतं. पण सिमव्हास्टॅटिनने एमएसचं अपंगत्व थांबतं का, हे तपासणाऱ्या ब्रिटनमधल्या 'एमएस-स्टॅट2' या मोठ्या चाचणीचा निकाल 2024 मध्ये आला आणि तो नकारार्थी होता. म्हणजे हृदयासाठी गरज असेल तर स्टॅटिन जरूर घ्यावं, एमएसवरचं औषध म्हणून नाही.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं?

एका कागदावर हे लिहा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्येही असू द्या.

1. एमएसचं निदान कोणत्या वर्षी झालं, आतापर्यंत कोणकोणती औषधं घेतली.
2. आता सुरू असलेल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक आणि व्हिटॅमिनसह.
3. शेवटचं बीपी, बसून आणि उभं राहून. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी 20 ने किंवा खालचं 10 ने पडत असेल तर ते आवर्जून सांगा.
4. एचबीए1सी आणि कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट, तारखेसह.
5. पोटाचा घेर. भारतीय पुरुषांसाठी 90 आणि बायकांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा धरतात.
6. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला होता का.

हाच कागद न्यूरॉलॉजिस्टलाही दाखवा आणि फॅमिली डॉक्टरांनाही. दोघांनाही एकच प्रश्न विचारा: "माझं बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल तुमच्यापैकी कोण बघणार?" एकाने "मी" म्हटलं की अर्धं काम झालं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने एमएसला अपंगत्वाच्या 21 प्रकारांमध्ये जागा दिली. त्यामुळे न दिसणाऱ्या या आजाराला कागदावर तरी ओळख मिळाली. पण एकदा ती ओळख चिकटली की अंगातलं प्रत्येक दुखणं तिच्याच खात्यात टाकलं जातं. एमएस असलेल्या माणसालाही हृदय असतं. रात्री अकरा वाजता छातीत आवळलं, तर "नेहमीचंच असेल" म्हणण्याआधी एक ईसीजी काढून घ्या.

*(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषध सुरू करणं, बदलणं किंवा बंद करणं तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.)*